आदल्यांचं खळं

चपला इथे काढा. चित्रांच्या कडेकडेने तुम्ही चपला घालूनच आलात, तेव्हा मी काही बोललो नाही. तो मोठा मासा, ती कासवं, तो वाघ की कुत्रा हे कुणालाच न कळलेलं जनावर, सगळं बघून झालं, फोटो काढून झाले. आता समोर ही जी बोडकी जागा दिसते, जिच्यावर एक रेघसुद्धा नाही, तिथे मात्र आम्ही अनवाणी जातो. पाहुणे नेहमी ही जागा ओलांडून पलीकडच्या चित्रांकडे पळतात. एवढ्या चित्रांनी भरलेल्या सड्यावर, या कातळाच्या माळावर, बरोबर मधोमध, चार बैल गोल फिरतील एवढी जागा रिकामी का, हे आजवर फार थोड्यांनी विचारलं.

बसा. कातळ अजून तापलेला नाही. मला गावात तातू म्हणतात. खाली आंबेरखोलच्या शाळेत तीस वर्षं घंटा वाजवली, आणि निवृत्त झाल्यावर पाहुण्यांना सडा दाखवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. पैसे घेत नाही, पण मधे बोललेलं मला चालत नाही.

दरवर्षी कुणी ना कुणी नवी कल्पना घेऊन येतो. एकाने सांगितलं, हे पांडवांनी कोरलं. दुसऱ्याने सांगितलं, ही राक्षसांची जात होती, पंधरा पंधरा फूट उंच, कारण तो कडेचा पुरुष पंधरा फुटांचा आहे. मी त्याला म्हटलं, आमच्या जत्रेत पुढाऱ्यांचे फलक लागतात ते वीस फुटांचे असतात, म्हणून पुढारी तेवढे असतात का? एक बाई समुद्रात बुडालेल्या देशाचा नकाशा घेऊन आल्या होत्या. त्या फार चांगल्या होत्या, त्यांनी मला लाडू दिला, पण त्यांच्या नकाशात आमचं गाव पाण्याखाली होतं. एक तरुण तर इथे उताणा झोपला आणि आकाशातल्या कुठल्या ताऱ्यावरून ही माणसं उतरली ते मला बोटाने दाखवू लागला. भर दुपारी. या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं. ज्यांनी ही चित्रं काढली ती माणसं आपल्यासारखी नव्हती, आणि एक दिवस ती नाहीशी झाली. मला त्याचा राग येतो. म्हातारपणी राग बरा नव्हे असं घरी सांगतात, तरी येतो.

सरकारी माणसं म्हणतात, चित्रं हजारो वर्षांची आहेत. असतील. आमच्या गोष्टीत भात आहे, बैल आहेत, तेव्हा ती इतकी जुनी नसावी असं आमचे हेडमास्तर म्हणत. मी गोष्ट सांगतो, साल सांगत नाही. माझ्या आजीने मला जशी सांगितली तशी सांगतो.

आम्ही त्यांना आदले म्हणतो. आदले म्हणजे आधीचे, एवढंच. ते स्वतःला काय म्हणत ते कुणाला ठाऊक नाही. आदले या सड्यावर राहत. शेती करत नसत. कंद, फळं, शिकार आणि पावसाळा सरला की महिनाभर खाली खाडीवर जाऊन मासे आणि मीठ, असं त्यांचं चालायचं. त्यांच्यात एक रीत होती, असं सांगतात. मूल जन्मलं की त्याचा मामा पहाटे बाहेर पडायचा, आणि पहिला जो जीव नजरेस पडेल तो या कातळावर गारगोटीने कोरायचा. मोर दिसला तर मोर, मासा दिसला तर मासा, माणूस भेटला तर माणूस. ते चित्र म्हणजे ते मूल. ज्याचं चित्र कातळावर नाही, तो जिवंत नाही. माणूस मेला की मामाच्या घरचा कुणीतरी त्या चित्रावर माती टाकायचा, आणि पावसाने माती वाहून गेली की म्हणायचे, गेला. एका माणसाला एकच चित्र, दुसऱ्यांदा कोरायचं नाही. परगावाहून परत आलं की आधी आपापल्या चित्रावर पाय ठेवायचा आणि मगच घरात शिरायचं.

आणि दुसरी गोष्ट पाण्याची. सडा तुम्ही बघताच आहात. पौष लागला की इथे चिमणीला चोच भिजवायला पाणी नसतं. पण कातळाच्या पोटात एक झरा होता. त्याच्यावर एक थोरली शिळा झाकलेली असायची. ती शिळा फक्त त्यांच्यातली सर्वांत म्हातारी बाई बाजूला करायची आणि सगळ्यांना पाणी द्यायची. दुसऱ्या कुणी शिळेला हात लावायचा नाही. मेलो तरी चालेल पण नेम मोडायचा नाही, अशी ती माणसं होती.

मग घाटावर लागोपाठ तीन वर्षं पाऊस गेला. तिथून अकरा घरं बैल, बियाणं आणि पोरंबाळं घेऊन घाट उतरली. त्यांचा पुढारी म्हाळोजी. त्याची धाकटी सून साळू. साळू वीस-एकवीस वर्षांची असेल. घाट उतरताना तिची बारा दिवसांची मुलगी गेली. बारसं व्हायचं होतं. नाव मनात ठरलं होतं, भागी. ते नाव तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ही अकरा घरं वैशाखात खालच्या खोलात, सड्याखालच्या दरीत, येऊन पडली तेव्हा त्यांच्याजवळ प्यायला पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सड्याच्या काठावर पाण्याने भरलेली मडकी ठेवलेली दिसली. कोण ठेवून गेलं ते दिसलं नाही. मग रोज संध्याकाळी मडकी यायची. सकाळी रिकामी नेऊन ठेवायची, संध्याकाळी भरलेली न्यायची. पावसाळा येईपर्यंत या अकरा घरांना आदल्यांनी असं जगवलं. कोण कुठले, कुणाचे, का आलात, एका शब्दाने विचारलं नाही. पुढे ओळख झाली. आदल्यांची म्हातारी काठी टेकत खाली यायची, बायकांच्या जवळ बसायची, चार शब्द शिकायची, चार शिकवायची. तिचं नाव या लोकांच्या जिभेला वळेना, म्हणून सगळे तिला थोरली म्हणू लागले.

पहिल्याच पावसात खोलातली जमीन पिकली. भात कापून झालं आणि प्रश्न आला खळ्याचा. खाली अजून चिखल होता. मळणीला सपाट, कोरडी, उन्हातली जागा हवी, आणि ती वर सड्यावर होती. आदले तेव्हा खाडीवर गेले होते, विचारायला कुणी नव्हतं. म्हाळोजीने मधला सपाट भाग निवडला. गवत कापलं, उंचवटे कुदळीने झोडून काढले, आणि सारवायचं काम साळूवर आलं, कारण तिच्यासारखं सारवण अकरा घरांत कुणाचं नव्हतं.

साळूने रेघा पाहिल्या होत्या. हे गोष्टीत मुद्दाम सांगतात, तेव्हा मीही सांगतो. तिने पाहिल्या आणि तिला वाटलं, पोरांनी रेघोट्या मारल्यात. रेघांत दाणा अडकतो, म्हणून तिने चिकणमाती आणि शेण घालून एकेक रेघ भरली, चोपण्याने चोपली, आणि वरून असा हात फिरवला की खळं आरशासारखं झालं. शेतकऱ्याच्या बाईला याहून पवित्र काम ते कुठलं? तिने खळ्याच्या मधोमध हळदकुंकू वाहिलं. मग त्याच्यावर बैल फिरले, पंधरा दिवस. हा जांभा आहे, काळा पत्थर नव्हे. कुदळीने उडालेले काठ, चोपणं, बैलांचे खूर, या सगळ्याखाली कोरीव काम भुगा होऊन गेलं.

आदले खाडीवरून परत आले. घरी शिरण्याआधी जो तो आपापल्या चित्राकडे गेला. ज्यांची चित्रं कडेला होती त्यांनी पाय ठेवला आणि ते पुढे गेले. एकतीस माणसं खळ्याच्या काठाशी उभी राहिली. पोरं होती, तरणे होते, पोटुशी एक बाई होती. आरडाओरडा झाला नाही, असं सांगतात. कुणी शेण खरवडून पाहिलं, खाली काही नव्हतं. मग त्या एकतीस जणांना त्यांच्याच माणसांनी हाका मारणं बंद केलं. त्यांच्यापुढे अन्न ठेवेनात, त्यांच्याकडे बघेनात. रागाने नव्हे. आईसुद्धा रडायची ती मेलेल्या लेकासाठी, आणि लेक दहा हातांवर बसलेला असायचा. माझी आजी इथे आली की थांबायची आणि पदराने तोंड पुसायची. मी लहानपणी हसायचो. आता नाही हसत.

त्या एकतिसांत थोरली होती.

तिचं चित्र खळ्याच्या बरोबर मधे होतं म्हणे. म्हणजे ती मेली. आणि मेलेल्याचा हात शिळेला चालत नाही. दुसरी बाई थोरली व्हायची तर आधीच्या थोरलीने जिवंतपणी तिचा हात धरून शिळेवर ठेवावा लागे, तो नेम होता, आणि तो कुणी मोडेना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, ओहोळ आटले. पौषात वर सड्यावर आदले तहानेले आणि खाली खोलात आमचे तहानेले. म्हाळोजीची माणसं पहारी घेऊन वर गेली आणि शिळा शोधू लागली. पण कातळाचा सडा, त्यात शिळा कुठली आणि कातळ कुठला? तीन दिवस ठोकत बसली आणि हात सोलून परत आली.

चौथ्या दिवशी थोरली खाली उतरली. तिच्यामागे ते तीस जण. तोवर साळूला कळलं होतं आपण काय केलं ते. ती चुलीपाशी बसून होती, तीन दिवस तिने अन्नाला हात लावला नव्हता. म्हाळोजी पुढे झाला. तो वाईट माणूस नव्हता, हे लक्षात घ्या. त्याने हात जोडले, चूक कबूल केली, काय भरपाई पाहिजे ती सांगा म्हणाला. निम्मं भात देतो, दोन बैल देतो, खोलातली वरची जमीन देतो.

थोरली म्हणाली, "ह्या भात माझ्या काय कामाचा? मेलल्या माणसाक भूक नसता. तुमी पुसलास, आता जल्म तुमीच दिया."

तुम्ही मनात म्हणत असाल, ती सड्यावरची, हे घाटावरचे, मग मालवणीत कसे बोलले? आमच्या गोष्टीत देवसुद्धा मालवणीतच बोलतो. पुढे ऐका.

तिचं म्हणणं असं होतं. आमच्यात माणूस दुसऱ्यांदा कोरत नाहीत. आमच्यासाठी आम्ही संपलो. पण तुमच्यात जन्मलो तर आम्हाला पुन्हा तोंड आहे, नाव आहे, हात आहे. या घरांनी आम्हाला पोटची पोरं म्हणून घ्यावं. पाहुणे म्हणून नव्हे, गडीमाणसं म्हणून नव्हे. पोटची.

अकरा घरं मागे सरली. माणुसकीची मडकी पाठवणं वेगळं आणि पोटचा म्हणणं वेगळं. कुळाचं काय, देवाऱ्याचं काय, उद्या लग्न जुळवताना काय सांगायचं? म्हाळोजीने सगळ्यांच्या वतीने विचारलं, भात देऊ, जमीन देऊ, पण यांना चुलीकडे कसं घ्यायचं? आणि त्याने बजावलं, माझ्या घरातलं कुणी हे करील तर त्याची चूल वेगळी, देव वेगळा, मी मेल्यावर त्याने माझ्या तिरडीला खांदा द्यायचा नाही.

साळू उठली. तिने आपलं एक लुगडं घेतलं, दारातल्या आंब्याच्या फांदीला बांधून झोळी केली. तिच्या मुलीचं बारसं राहिलं होतं, तेव्हा बारशाची झोळी कशी बांधायची हे काही तिला कुणी सांगायला नको होतं. मग ती सासऱ्याकडे वळली.

"सारयलंय मिया," ती म्हणाली. "आता बाळंतपण पण माजाच."

तिने थोरलीचा हात धरला. झोळीत म्हातारी मावणार नव्हती, म्हणून तिला झोळीखालून वाकून पलीकडे यायला सांगितलं. सत्तरीची बाई गुडघ्यांवर रांगत झोळीखालून आली. साळूने तिला ओढून मांडीवर घेतलं, विशीच्या पोरीने, आणि पदर तिच्या डोक्यावरून घेतला. कुणी पाळणा म्हणेना, तेव्हा साळूने एकटीने म्हटला, आणि शेवटी वाकून म्हातारीच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. भागी. ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. साळू तेव्हा रडली, आणि म्हातारीही रडली, तान्ही रडतात तशी मोठ्याने, असं सांगतात.

साळूच्या नवऱ्याने वडिलांकडे पाहिलं, मग बायकोच्या शेजारी जाऊन बसला. त्याचं नाव गोष्टीत नाही, मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. मग एक जाऊ आली, तिने पोटुशा बाईला झोळीखालून घेतलं. मग शेजारीण आली. दिवस मावळेपर्यंत एकतिसांची बारशी झाली. शेवटचा एक अंगापिंडाने दांडगा गडी उरला होता, त्याला कुणी घेईना, कारण तो खाणार किती! त्याला म्हाळोजीच्या बायकोने घेतलं. म्हाळोजी आपल्याच घरात एकटा पडला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप पंगतीला येऊन बसला. खांद्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

त्या संध्याकाळीच कुणीतरी थोरलीला विचारलं, आता शिळा कुठे आहे ते सांग. सगळ्यांचे घसे सुकले होते. साळूने त्याला अडवलं. ती म्हणाली, "जल्माक इल्ल्या पोराक कोण इचारता, आदी तू खय हुतंस म्हणान?"

तोच आमच्या गावाचा नेम झाला, जन्माला आलेल्याला मागचं विचारायचं नाही. भागी आपणहून उठली, आईचा हात धरला आणि तिला सड्यावर घेऊन गेली. नव्या जन्माला जुना नेम लागत नव्हता. मायलेकींनी मिळून शिळा बाजूला केली. आणि त्या संध्याकाळी सड्याच्या काठावर पाण्याने भरलेली मडकी ठेवली गेली ती खालच्या लोकांनी, वरच्या लोकांसाठी. आदल्यांनी ती नेली. परक्याने दिलेलं पाणी प्यायला त्यांच्यात आडकाठी नव्हती. त्या झऱ्याला अजून भागीचं पाणी म्हणतात, परत जाताना दाखवतो.

वर राहिलेल्यांचं काय झालं? त्यांचे लेक, सुना, नातवंडं खाली जन्मली होती. ते काठावर येऊन बघत बसायचे. वर्षा-दोन वर्षांनी एकजण खाली आला आणि न बोलता झोळी बांधायची खूण केली. मग आणखी एक. असे एकेक करून सगळे खाली येऊन जन्मले. शेवटचा आला त्या दिवशी सडा रिकामा झाला. त्यांना कुणी मारलं नाही, समुद्राने गिळलं नाही, आकाशातून न्यायला कुणी आलं नाही. ते आमच्या घरांत जन्मले. कोण आदल्यांचा आणि कोण घाटावरचा, हे दोन पिढ्यांत कुणाला सांगता येईना. आमच्या सगळ्या गावाचं आडनाव एकच आहे, खोलकर. पोस्टमनचे फार हाल होतात. आणि आमच्याकडे पाहुणा आला की पाणी देतात, जेवायला वाढतात, पण "तू कोणाचो?" असं विचारत नाहीत. बाकीच्या कोकणात तर पहिला प्रश्न तोच असतो.

दोन वर्षांमागे एक साहेब आले होते. कापूस गुंडाळलेल्या काड्या घेऊन. म्हणाले, प्रत्येकाच्या गालाच्या आतून हा कापूस फिरवायचा, की डीएनए तपासून आम्ही सांगू, गावात त्या प्राचीन लोकांचे वंशज कोण कोण. माणूस सभ्य होता. गावाची बैठक बसली आणि बायकांनी नको म्हटलं. साहेब नाराज झाले, ज्ञानाच्या आड येऊ नका म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. खरं सांगू? मला हवं होतं. मला फार हवं होतं. जन्मभर मी या चित्रांकडे बघतोय, आणि यातलं एक तरी माझ्या कुळातल्या कुणाचं आहे का, एवढं कळलं असतं तर मी सुखाने मेलो असतो. बैठकीत मी हात वर केला नाही. साहेबांना एस.टी.पर्यंत सोडायला मात्र मीच गेलो.

या नेमाची किंमतही आम्हीच भरली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. विचारायचं नाही म्हणजे विचारायचंच नाही. भागीला तिच्या माणसांची सगळी गाणी येत होती. कुठलं चित्र कुणाचं, कुठल्या कंदाने ताप उतरतो, त्यांचा देव कोण, सगळं येत होतं. त्या एकतीस जणांना येत होतं, मागून आलेल्यांना येत होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण तान्ह्या मुलाला मागचं काही येत नसतं. आमच्या लोकांनी विचारलं नाही, कारण तसा शब्द दिला होता. त्यांची भाषा आमच्याच चुलीपाशी बसून बसून मेली. आज इथे एवढे विद्वान डोकं खाजवत फिरतात. ते ज्यासाठी फिरतात ते एके काळी खालच्या प्रत्येक घरात जेवायला बसत होतं.

भागी सात वर्षं जगली. साळूने तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिच्या पांढऱ्या केसांची वेणी घातली. त्या सात वर्षांत साळूच्या मनात एकच प्रश्न होता. खळ्याच्या मधे मी काय पुसलं? तुझ्या जन्माच्या सकाळी तुझ्या मामाला काय दिसलं होतं? मोर, हरीण, मासा, काय? तिच्या हातांनाच ते जाणून घ्यायचं होतं, कारण त्याच हातांनी ती रेघ भरली होती. रोज तो प्रश्न ओठांवर यायचा आणि रोज ती तो गिळायची. नेम तिनेच घातला होता.

शेवटच्या आजारात भागीचं बोलणं बंद झालं. एका सकाळी साळूने घर सारवलं आणि ती पाणी आणायला गेली. परत येऊन बघते तो म्हातारी अंथरुणावरून सरकत सरकत माजघराच्या मधे आली होती, आणि ओल्या सारवणावर एका बोटाने काहीतरी काढत होती. सावकाश. साळू दारातच उभी राहिली. काढून झाल्यावर भागीने मान वर करून आईकडे पाहिलं. ती हसली म्हणे. साळूने काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. दिवस मावळायच्या आत भागी गेली.

तिला पोचवून माणसं परत आली. मयताच्या घरात पुढचं पहिलं काम सारवणाचं. शेजारच्या बायका शेणाची पाटी घेऊन आल्या. साळूने पाटी त्यांच्या हातातून घेतली, म्हणाली मी करते. कोपऱ्यापासून तिने सुरुवात केली. उंबरा सारवला, चुलीकडचं सारवलं, भिंतीकडचं सारवलं, आणि मधे आली. तिथे तिने आपला हात जमिनीवर आडवा ठेवला आणि हाताच्या या बाजूला थांबली. मग उठून पलीकडे गेली आणि तिकडून सारवत हातापर्यंत आली. तेवढी जागा तिने सोडली. पुढच्या आठवड्यात सोडली, त्याच्या पुढच्या आठवड्यात सोडली, जन्मभर सोडली. तिच्या सुनांनी ती जागा तशीच सोडली. मग शेजारच्या घरांतही, जिथे जिथे कुणी झोळीखालून आलेलं गेलं, तिथे तिथे बायका हाताएवढी जागा सोडू लागल्या. भागीने काय काढलं होतं ते गोष्टीत नाही. माझ्या आजीला माहीत नव्हतं. वाऱ्याने, पावलांनी, धुळीने ते केव्हाच गेलं असणार.

आजही आंबेरखोलच्या घरात तुम्ही शिरलात तर माजघरात मधोमध एक लहानसा मातीचा तुकडा दिसेल. आता घरोघरी लाद्या आल्या आहेत. बाहेरगावचा मिस्त्री येतो, एक लादी उरली म्हणून विचारतो, आणि घरातली बाई सांगते, ती नको बसवू. आमच्या घरीही आहे. माझी बायको लग्न करून आली ती देवगडकडची. तिचं कूळ कुठलं, माणसं कोण, हे आमच्याकडे तिला कुणी विचारलं नाही, आणि ही गोष्टही कुणी बसून सांगितली नाही. चाळीस वर्षं झाली. सकाळी ती ओलं फडकं घेऊन बसते आणि जमीन पुसत पुसत मधे येते. तिथे तिचा हात थांबतो. मग ती फडकं उचलते, पलीकडे जाऊन बसते, आणि तिकडून पुसायला लागते.